फायरवॉल बंद कर, चालू होईल

हॉस्टेलच्या आमच्या खोलीत पोरं तीन आणि भिंतीतलं लॅनचं सॉकेट एक. २०१६ ची दिवाळी नुकतीच झाली होती. जिओची सिमं सगळ्यांच्या खिशात होती, पण आमची खोली तळमजल्यावर, इमारतीच्या मागच्या अंगाला. तिथं रेंजची एक दांडी आली तरी सण. त्यामुळं नेट म्हणजे भिंतीतलं तेच, आणि तेही खोलीमागे एकाच मशीनची नोंद करून मिळायचं. माझा लॅपटॉप त्यातल्या त्यात नवा, म्हणून वायर माझ्याकडे आली आणि बाकी दोघांना नेट पुरवायची जबाबदारीही.

विंडोज सेव्हन होती. कुठून आणली ते विचारू नका. अपडेट बंद ठेवले होते एवढं सांगितलं की समजून घ्याल. कमांड प्रॉम्प्टमध्ये दोन ओळी टाकल्या की लॅपटॉप स्वतःच वायफाय सोडायला लागायचा. मग लॅनच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन शेअरिंगवर टिक करायची. केली. दिगंबर आणि अक्षय (नावं बदलली आहेत) दोघांच्या लॅपटॉपवर वायफाय दिसलं, जोडलं गेलं, आणि कोपऱ्यात पिवळा त्रिकोण येऊन बसला. आयपी अ‍ॅड्रेस बघितला तर १६९.२५४ नं सुरू होणारा. म्हणजे मशीननं पत्ता मागितला, कुणी दिलाच नाही, शेवटी त्यानं मनाला येईल तो पत्ता स्वतःच घेतला.

दीड तास खटपट केल्यावर शेजारच्या खोलीतला फायनल इयरचा दादा आला. स्क्रीनकडे नीट बघितलंसुद्धा नाही त्यानं.

"अँटिव्हायरसवाली फायरवॉल आहे ना, ती बंद कर. विंडोजचीपण बंद कर. चालू होईल."

चालू झालं. दिग्यानं आनंदानं माझ्या पाठीत बुक्की घातली. पुढचे सहा महिने ती फायरवॉल बंदच राहिली.

हे वाक्य मी नंतर नोकरीतही ऐकलं, पगारी माणसांच्या तोंडून. प्रिंटर सापडत नाही, फायरवॉल बंद कर. गेमला मित्र जोडला जात नाही, फायरवॉल बंद कर. मधल्या एका वर्षात, ज्याचं कारण पुढे येईल, मी हे वाक्य कुठून आलं ते शोधायला लागलो. नेट वाटून घेणं आणि नेटला पहारा बसवणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि ती एकमेकांच्या आड येतात, असं मी धरून चाललो होतो. पण इतिहास बघितला तर ही दोन्ही कामं एकाच उंबरठ्यावर उभी आहेत, जवळपास एकाच वर्षापासून.

ते वर्ष १९९४.

त्याच्या आधी इंटरनेट बहुतांशी ओळखीच्या लोकांचं होतं. विद्यापीठं, प्रयोगशाळा, सरकारी खाती. प्रत्येक कॉम्प्युटरला स्वतःचा खरा पत्ता आणि कुणीही कुणालाही थेट हाक मारू शकत असे. २ नोव्हेंबर १९८८ ला कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानं सोडलेला वर्म (स्वतःच एका मशीनवरून दुसऱ्यावर पसरत जाणारा प्रोग्राम) मोकाट सुटला आणि हजारो मशीनं लोळवून गेला, तेव्हा या मोकळ्या अंगणाची पहिल्यांदा भीती वाटली. मोठ्या संस्थांनी दारावर पहारा बसवला. बेल लॅब्जमधल्या बिल चेस्विकनं तर १९९० मध्येच आपल्या नेटवर्कबद्दल लिहून ठेवलं होतं की वरचं कवच कुरकुरीत आहे, पण आतला गर मऊच आहे. त्यानं आणि स्टीव्ह बेलोव्हिननं मिळून फायरवॉलवरचं जे पुस्तक लिहिलं ते १९९४ चं.

त्याच वर्षी मे महिन्यात एगेवांग आणि फ्रान्सिस या दोघांनी नॅटची कल्पना मांडली. अडचण सोपी होती. इंटरनेटचे पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे एकूण ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. ऐकायला रग्गड, वाटायला बसलं की तोकडे. तर या दोघांनी सुचवलं की आतल्या मशीनना आपापसातले खासगी पत्ते द्या आणि दारावरच्या एकाच मशीनला खरा पत्ता द्या. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता खोडून दारवाला आपला पत्ता लिहील, उत्तर आलं की वहीत बघून ज्याचं त्याला देईल. कायमची व्यवस्था होईपर्यंतची ही मलमपट्टी आहे, असं त्यांनी स्वतःच म्हटलं होतं. तीस वर्षं झाली, पट्टी तशीच आहे.

आता गंमत बघा. १९९४ मध्येच अमेरिकेत जॉन मेयस यांनी एक छोटी कंपनी काढली आणि ब्रँटली कॉइल यांनी तिच्यासाठी पिक्स नावाचं यंत्र लिहिलं. नाव घेतलं होतं ऑफिसच्या टेलिफोन एक्स्चेंजवरून. पूर्वी ऑफिसचा बाहेरचा नंबर एक असायचा आणि आत टेबलागणिक एक्स्टेन्शन. तसंच हे, फक्त फोनऐवजी कॉम्प्युटरसाठी. म्हणजे पिक्स जन्माला आलं ते नेट वाटण्यासाठी, पत्ते वाचवण्यासाठी. पण जो दारवाला 'आतून कोण गेलं' याची वही ठेवतो, त्याला 'न बोलावता कोण आलंय' हे आपोआप कळतं. १९९५ मध्ये सिस्कोनं ती कंपनी विकत घेतली आणि पुढे पिक्स जगभर ओळखलं गेलं ते फायरवॉल म्हणून.

मला हे पहिल्यांदा वाचून थोडं वाईटच वाटलं. म्हणजे त्या दादानं मला जे दोन शत्रू म्हणून सांगितले, ते एकाच वहीवर काम करणारे भाऊ होते.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून. फोनच्या तारेवरून, मोडेमच्या किंकाळ्यांसह. महाग होतं, त्यामुळं वाटून घेणं ओघानं आलंच. १९९५ मध्येच न्यूझीलंडमधून विनगेट नावाचं सॉफ्टवेअर आलं होतं. ते एका मशीनवर टाकलं की बाकीची मशीनं तिच्यामार्फत नेट वापरू शकत. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्या इतक्या उदार होत्या की बाहेरचा कुणीही अनोळखी माणूस तुमच्या मशीनवरून उडी मारून तिसरीकडे जाऊ शकायचा, आणि तिसऱ्याला वाटायचं तुम्हीच आलात. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही सोय घरचीच करून टाकली. इंटरनेट कनेक्शन शेअरिंग. एक टिक केली की तुमचं मशीन १९२.१६८.०.१ होऊन बसायचं आणि बाकीच्यांना पत्ते वाटायला लागायचं. फायरवॉल मात्र त्यात नव्हती.

आमच्या तालुक्याच्या गावातल्या सायबर कॅफेत मी चौथीत असताना जायचो, भावाच्या मागे लागून. प्लायवूडचे कप्पे, आठ मशीनं, तासाला वीस रुपये. दाराजवळच्या पहिल्या मशीनवर काका बसायचे. त्यांचं मशीन हँग झालं की सात कप्प्यांमधून एकदम "काकाऽऽ" असा पुकारा व्हायचा. तेव्हा वाटायचं काकांकडे काहीतरी वेगळं खास मशीन आहे. ते आमच्यासारखंच होतं, फक्त उंबरठ्यावर बसलेलं.

आता भांडणाचं मूळ. समजा तुमचं मशीन असं उंबरठ्यावर आहे आणि त्याच्यावर तुम्ही एखादी फायरवॉल टाकली. २००० च्या सुमाराला झोनअलार्म फुकट मिळायला लागलं आणि घरोघरी ते टाकलं गेलं. ही सॉफ्टवेअरं लिहिणाऱ्यानं गृहीत धरलं होतं की मशीन एक, माणूस एक. बाहेरचं सगळं परकं. पण शेअरिंग करणाऱ्या मशीनला दोन बाजू असतात: एक इंटरनेटकडची, एक खोलीतली. खोलीतल्या बाजूनं दिग्याचा लॅपटॉप विचारतो, "मला पत्ता द्या" (हा प्रश्न यूडीपीच्या ६७ नंबरच्या दारावर येतो). मग विचारतो, "अमुक वेबसाइट कुठं राहते?" (५३ नंबर). फायरवॉलच्या दृष्टीनं ही न बोलावता आलेली पाकिटं. बोलावलंय कुणी? कुणीच नाही. फेक बाहेर. पहारेकऱ्याचं काही चुकलेलं नाही. त्याला कुणी सांगितलंच नाही की हा घरातला आहे.

जुन्या वाड्याला मोठा दरवाजा असतो आणि त्यात एक दिंडी असते. मोठा दरवाजा लावून घेतला तरी ओळखीचा माणूस दिंडीतून वाकून आत येतो. झोनअलार्ममध्ये ही दिंडी होती. विश्वासातल्यांचा एक विभाग आणि इंटरनेटचा दुसरा, आणि १९२.१६८.०.१ पासून २५५ पर्यंतचे पत्ते पहिल्यात टाकायचे. मग विंडोजच्या ज्या प्रक्रियेमार्फत पत्ते वाटले जातात तिला परवानगी द्यायची. विंडोज एक्सपी २००१ मध्ये आली तेव्हा तिच्यात फायरवॉल होती आणि सल्ला होता की ती फक्त इंटरनेटकडच्या कनेक्शनवर लावा, आतल्यावर नको. लोक आतल्यावर लावायचे, शेअरिंग मरायचं, मग वैतागून दोन्हींवरची काढून टाकायचे. दोन मिनिटांचं काम होतं. पण त्यासाठी 'आत' कुठलं आणि 'बाहेर' कुठलं हे माहीत असावं लागतं, आणि सेटिंगच्या त्या खिडकीत दोन्हींची नावं 'लोकल एरिया कनेक्शन' आणि 'लोकल एरिया कनेक्शन २' अशी. कुणाला कळणार!

एक्सपीची ती फायरवॉल मुळात बंदच येत होती. त्याची किंमत ११ ऑगस्ट २००३ ला कळली. त्या दिवशी ब्लास्टर नावाचा वर्म पसरायला लागला. कुठलीही फाइल उघडायची गरज नाही, लिंकवर बोट दाबायची गरज नाही. तुम्ही नेटला जोडलेले आहात आणि तुमचं १३५ नंबरचं दार उघडं आहे, एवढं पुरे. स्क्रीनवर एक चौकट यायची आणि साठ सेकंदांची उलटी मोजणी. शून्य झालं की मशीन बंद. पुन्हा चालू करा, नेट जोडा, पुन्हा साठ, एकोणसाठ, अठ्ठावन्न. छिद्र बुजवणारा पॅच १६ जुलैलाच आला होता, सव्वीस दिवस आधी. पण तो डाउनलोड करायचा तर नेट जोडायला हवं, आणि जोडलं की मोजणी सुरू. डायल-अपवर साठ सेकंदांत काय डाउनलोड होणार? शेवटी मायक्रोसॉफ्टनं सांगितलेली पहिली पायरी अशी होती की आधी फायरवॉल चालू करा, मग नेट जोडा.

या सगळ्यात ज्यांची मशीनं दुसऱ्याच्या शेअरिंगच्या मागे होती, ती बाहेरून दिसतच नव्हती. थेट घाव बसायचा तो उंबरठ्यावरच्या मशीनवर. आमच्या कॅफेवाल्या काकांच्या जागी जे कुणी बसले असतील त्यांच्यावर.

वर्षभरानं, ऑगस्ट २००४ मध्ये, एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला आणि त्यात फायरवॉल आपोआप चालू होती. शिवाय दिंडी नीट सुताराकडून करून घेतलेली. एखाद्या प्रोग्रामला परवानगी देताना विचारायचं, सगळ्या जगाला द्यायची की फक्त माझ्या नेटवर्कपुरती? माझ्या मते विंडोजच्या इतिहासातला हा फार मोलाचा प्रश्न आहे, आणि तो किती जणांनी वाचून उत्तर दिलं असेल याची मला शंका आहे. मी तर नाहीच.

वाटून घेण्याचा दुसरा धोका मुंबईनं बघितला. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत साखळी स्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना ईमेल गेलं होतं. त्याचा माग काढत तपास आला नवी मुंबईत, एका अमेरिकन नागरिकाच्या घरातल्या कनेक्शनपाशी. त्याच्या वायफायला कुलूप नव्हतं. कुणीतरी इमारतीच्या आसपास राहून ते वापरलं होतं. पुढच्या दोन ईमेलनाही मुंबईतलीच वायफाय वापरली गेली, एक कॉलेजातलं आणि एक कंपनीतलं. नॅटची हीच तर करामत: बाहेरून पत्ता एकच दिसतो, मागे कोण बसलंय ते फक्त दारावरच्या वहीला माहीत, आणि घरच्या राउटरची वही कोण जपून ठेवतो! जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलीस लॅपटॉप घेऊन उघडी वायफाय शोधत रस्त्यांवर फिरले होते.

तोवर फोनही उंबरठा झाले. २०१० मध्ये अँड्रॉइडच्या २.२ आवृत्तीत हॉटस्पॉट आला. तुम्ही हॉटस्पॉट लावता तेव्हा आत लिनक्समधलं जे काम चालतं त्याचं नाव मास्करेड, म्हणजे सोंग. मित्राच्या लॅपटॉपची पाकिटं तुमच्या फोनचं सोंग घेऊन बाहेर पडतात, बहुरूप्यासारखी. आणि पहाऱ्याचे नियमही त्याच यंत्रणेत लिहिलेले असतात. १९९४ सारखेच, एका वहीत.

आता मे २०१७.

१२ तारखेला वॉनाक्राय पसरायला लागला तेव्हा आमची परीक्षा तोंडावर होती. व्हॉट्सअ‍ॅपवर 'एटीएम वापरू नका' वगैरे फॉरवर्ड फिरत होते, आम्ही हसत होतो. या वर्मला ४४५ नंबरचं दार लागायचं, फाइल शेअरिंगचं. पॅच १४ मार्चलाच आलेला, एकोणसाठ दिवस आधी. माझे अपडेट बंद, फायरवॉल बंद. या वर्ममध्ये एक खोच होती: सुरू होताना तो एका विचित्र नावाच्या वेबसाइटला हाक मारायचा, आणि उत्तर मिळालं तर गप्प बसायचा. ती वेबसाइट एका ब्रिटिश तरुणानं पहिल्याच दिवशी नोंदवून टाकली, म्हणून जग वाचलं. आमच्या हॉस्टेलवर रात्री अकराला नेट बंद व्हायचं, लॅन मात्र चालू राहायचं. म्हणजे अकरानंतर त्या हाकेला ओ द्यायला कुणी नव्हतं, आणि खोल्याखोल्यांमधली मशीनं एकमेकांना दिसत होती.

त्याच आठवड्यातल्या एका रात्री पावणेबाराला माझा वॉलपेपर काळा झाला आणि वर लाल चौकट आली. तीनशे डॉलर मागत होते, म्हणजे एकोणीस हजारांच्या पुढे. माझ्याकडे जाण्यासारखं फार नव्हतं. सिनेमे आणि असाइनमेंट. मी दिग्याकडे वळलो, तर त्याच्याही स्क्रीनवर तेच. (अक्षय अभ्यासाला घरी गेला होता.)

दिग्याचं मशीन माझ्या मागे होतं. हॉस्टेलच्या लॅनवरून ते कुणालाच दिसत नव्हतं. दिसत होतं फक्त मला, १९२.१६८.१३७ च्या आमच्या तीन जणांच्या जगात. जोडताना विंडोजनं विचारलं होतं, हे नेटवर्क कसलं? त्यानं 'होम' निवडलं होतं, सिनेमे एकमेकांकडून घेता यावेत म्हणून. म्हणजे त्याच्याही लॅपटॉपचं ४४५ नंबरचं दार उघडं होतं, पण फक्त घरच्यांसाठी. आणि घरचा मी होतो.

आम्ही घाबरून पहिली गोष्ट काय केली, तर दोन्ही लॅपटॉप रिस्टार्ट केले. त्याच आठवड्याच्या शेवटी फ्रान्समधल्या काही संशोधकांनी एक टूल काढलं. मशीन रिस्टार्ट झालं नसेल, तर किल्ली बनवताना वापरलेले आकडे मेमरीत सापडू शकतात, आणि विंडोज सेव्हनवरच्या फाइल परत मिळू शकतात. मशीन रिस्टार्ट झालं नसेल तर.

दिग्या परभणीकडचा. मागच्या वर्षी, दुष्काळात, त्याच्या बहिणीचं लग्न झालं होतं. फोटोग्राफरचे निम्मे पैसे द्यायचे राहिले, त्यामुळं अल्बम काही आला नाही. त्यानं पेन ड्राइव्हवर दिलेले फोटो तेवढे दिग्याकडे होते. पुढे पैसे जमवून तो फोटोग्राफरकडे गेला तेव्हा त्यानं कार्ड कधीच पुसून दुसऱ्या लग्नाला वापरलं होतं. हे मला दिग्यानं सांगितलं नाही. अक्षयनं सांगितलं, दोन वर्षांनी.

दिग्या मला एकदाही काही बोलला नाही. "तुला काय माहीत होतं का," एवढंच म्हणाला होता त्या रात्री, आणि दिवा मालवून झोपला. झोपला नव्हता, मला कळत होतं.

त्यानंतर मी पहिल्यांदा ती खिडकी नीट उघडून वाचली. आतल्या बाजूला ६७ आणि ५३ ला परवानगी, बाहेरच्या बाजूला काहीच नाही. शेअरिंग चालू राहिलं. तीन मिनिटं लागली असतील.

गेल्या दिवाळीत दिग्या पुण्याला आला होता. जाताना बॅगेतून जुनी हार्ड डिस्क काढली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. म्हणाला, तू यातलंच काम करतोस, ठेव तुझ्याकडे, कधी किल्ली निघालीच तर. मी ती जोडून बघितली. 'ताईचं लग्न' नावाचं फोल्डर आहे. आत सहाशेच्या आसपास फाइल. नावं जशीच्या तशी वाचता येतात, डीएससी_०४१७, डीएससी_०४१८, आणि प्रत्येकीच्या शेवटी तेच शेपूट लावलेलं.